डिझाइनच्या विद्यापीठात जाण्याआधी हात कशावर बसवायचा?

प्रश्न असा आहे: "मी तासगावची. बारावी सायन्स झाली आणि डिझाइनवर भर देणाऱ्या एका तंत्रज्ञान विद्यापीठात प्रवेश मिळालाय. पहिल्या सत्रापासूनच स्टुडिओ आणि वर्कशॉप आहे. घरची द्राक्षबाग आहे, पण कानस किंवा ड्रिल मी कधी हातात धरलेलं नाही. हातात जून-जुलै आहेत. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, काय विकत घेऊ, आणि तिथं मुलांना नेमकं काय जमत नाही?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

मुलांना सॉफ्टवेअर जमतं. चित्रही बऱ्यापैकी जमतं. जमत नाही ते म्हणजे मनात आलेली कल्पना दोन दिवसांत पुठ्ठ्यात उभी करून, खऱ्या माणसाच्या हातात देऊन, काय झालं ते मोजणं. सहा आठवड्यांच्या प्रकल्पात चार आठवडे स्क्रीनवर जातात, पाचवा लेझर कटरच्या रांगेत, सहाव्यात रात्रभर चिकटवाचिकटवी. ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, वस्तू दिसते देखणी, पण "हे कोणी वापरून पाहिलं? काय बदललंत मग?" असं विचारलं की सगळे गप्प. गुण तिथं जातात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिकणंही तिथंच राहून जातं. म्हणून या दोन महिन्यांत सॉफ्टवेअर बाजूला ठेव. एकच वस्तू घे आणि ती चार वेळा बनव.

अशा संस्थांची मांडणीच यासाठी केलेली असते. सिंगापूरचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइन २००९ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने स्थापन झालं आणि २०१२ मध्ये तिथं पहिली तुकडी आली. तिथं सुरुवातीची तीन सत्रं सगळ्यांना सारखीच असतात, शाखा नंतर निवडायची. आपल्याकडे आयआयटी मुंबईचं आयडीसी (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) १९६९ पासून आहे, जबलपूरची डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंगची ट्रिपल आयटी २००५ पासून. तपशील वेगवेगळे, पण वेळापत्रकाची ठेवण ओळखीची: लेक्चर कमी, स्टुडिओचे तास लांबलचक, वर्कशॉप, चार-पाच जणांचे गट, आणि ठरावीक टप्प्यांवर ज्युरी.

वस्तू कोणती घ्यायची? ती तुझ्या बागेतच आहे. जीएच्या डिपिंगचा मग (जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मणी फुगावेत म्हणून घडांना देतात ते). फळछाटणीनंतर बायका मांडवाखाली उभ्या राहून एकेक घड द्रावणात बुडवतात. हात डोक्याच्या उंचीला, मनगट मागे वळलेलं, आणि द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत येतं. विद्यापीठात असा प्रश्न शोधायलाच मुलांचा पहिला आठवडा जातो. तुझ्याकडे प्रश्न, जागा आणि वापरणारी माणसं घरात आहेत. एक सक्त गोष्ट: सगळ्या चाचण्या साध्या पाण्याने करायच्या. जीएचं किंवा फवारणीचं कुठलंही द्रावण यात आणायचं नाही.

जूनमध्ये बागेत घड नसतात, तेव्हा आधी घड बनवावा लागेल. कांद्याच्या जाळीच्या पिशवीचा तुकडा घे, त्यात १६ मिमीच्या काचेच्या गोट्या भर आणि खाली निमुळता होईल असा बांध. अशा एका गोटीचं आकारमान साधारण २.१ मिली, म्हणजे ११५ ते १२० गोट्यांत २५० मिलीचा घड होतो. मापाच्या भांड्यात बुडवून पाणी किती चढतं ते बघून खात्री कर. मांडवाच्या तारेला सुतळीने तो टांग. गोट्या द्राक्षापेक्षा जड आहेत, पण वजन तार पेलते, मगाला फक्त आकारमान जाणवतं, त्यामुळे चाचणी बिघडत नाही.

आता माप. मांडवाच्या तारेची जमिनीपासून उंची, घडाच्या टोकाची उंची, काम करणाऱ्या प्रत्येकीची खांद्याची आणि कोपराची उंची, तळहाताची रुंदी. दहा जणींची मापं मिळाली तर उत्तम, चार तरी हवीतच. सरासरी काढून थांबू नकोस. सर्वांत बुटक्या बाईला पोहोचतं का आणि सर्वांत लहान मुठीत बसतं का, या दोन प्रश्नांवर वस्तू ठरते. बाजूने मोबाईलवर फोटो काढ, कॅमेरा कोपराच्या उंचीला आणि हाताला काटकोनात धरून. त्या फोटोवर पट्टी ठेवून मनगटाचा कोन मोजता येतो.

मग थोडं गणित, आणि इथं खरी गंमत आहे. आतून १० सेंमी व्यासाच्या मगात १५ सेंमी उंचीपर्यंत सुमारे १.१८ लिटर मावतं. व्यास ९ सेंमी केला तर सुमारे ०.९५ लिटर. एवढ्याशा फरकाने हातावरचा भार जवळजवळ पाव किलोने घटतो. घड वर तारेला टांगलेला असला, तरी तो पाण्यात शिरला की त्याने जेवढं पाणी सारलं तेवढा भार मगावर चढतो. मासे तोलायच्या ताणकाट्याला मग अडकवून घड आत सोड, काटा खाली सरकताना दिसेल. म्हणजे हाताला जाणवणारा भार ठरतो तो पातळी कुठवर चढते आणि मग किती रुंद आहे यावर, आत किती ओतलं यावर नाही. मगाचा व्यास कमी केला की भार कमी, पण घडाचे खांदे काठाला घासून मणी दुखावतात. हा व्यास किती असावा, हाच तुझा डिझाइनचा प्रश्न. "एर्गोनॉमिक मग" असं वहीत लिहिण्यापेक्षा "९ की १० सेंमी?" असं लिहिलं की काम सुरू होतं.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा, एका दुपारचा. पाच पदरी पुठ्ठ्यातल्या नळ्या ज्या दिशेला असतात त्या दिशेला तो ताठ राहतो आणि आडव्या दिशेला वळतो, त्यामुळे मगाचं गोल अंग कापताना नळ्या उभ्या ठेव. यात पाणी भरायचं नाही, फक्त उंची, मुठीची जागा आणि कोन बघायचा. मूठ सरळ, १५ अंश, ३० अंश अशी तीन प्रकारे चिकटव. फेव्हिकॉल सुकायला अर्धा तास लागतो आणि तोवर मुलं उगाच हलवून सांधा सैल करतात. पुठ्ठ्याला हॉट ग्लू बरा.

दुसरा नमुना पाणी धरणारा. एक लिटरची तेलाची किंवा पाण्याची ताठ बाटली कापून, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची मूठ केबल टायने आवळून बसव. हा पाइप बाहेरून २१ मिमीच्या आसपास असतो, मुठीला बारीक पडतो. त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ३० ते ३५ मिमीपर्यंत जाड कर. ओल्या हातातून सुटणारही नाही.

चाचणी अशी घे. वापरणारीच्या कोपराला वाळलेला टॉवेल बांध, आधी त्याचं वजन किचनच्या काट्यावर करून. वीस वेळा घड बुडवायला सांग, मग टॉवेल पुन्हा तोल. वाढलेले ग्रॅम म्हणजे तेवढे मिलिलिटर पाणी हातावरून ओघळलं. मगाचं वजन आधी-नंतर करून हे कळत नाही, कारण घडाला चिकटून गेलेलं पाणीही त्यात मोजलं जातं. दोन मगांची तुलना करताना पहिलीला आधी मग अ आणि नंतर ब दे, दुसरीला आधी ब आणि नंतर अ. नाहीतर दुसऱ्या मगाच्या वेळी हात दमलेला असतो आणि दोष मगाला लागतो. चाचणी चालू असताना तू गप्प बसायचं. "असं धरा, इकडून धरा" म्हणालीस की चाचणी संपली. घरच्या माणसांचा आणखी एक धोका आहे: लेकीने केलंय म्हणून सगळ्या चांगलंच म्हणतात. म्हणून "आवडलं का" विचारू नकोस. "यातला कोणता उद्या दिवसभर वापराल?" असं विचार आणि हात कोणत्या मगाकडे जातो ते बघ.

इथं किर्लोस्करवाडीची आठवण ठेवण्यासारखी आहे, तुझ्या तालुक्याला लागूनच आहे ती. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखू येत नसल्याने ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात माळावर कारखाना उभा केला. त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. वस्तू चांगली असणं आणि ती कुणी हातात घेणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. डिझाइनच्या अभ्यासक्रमात दोन्ही घेतल्या जातात.

तिसरा नमुना थ्रीडी प्रिंटचा करावासा वाटेल, आणि तिथं गेल्यावर तर रोजच करशील. काय बिघडतं ते आत्ताच समजून घे. प्रिंट थरांनी बनते आणि थर एकमेकांपासून सुटतात. मूठ उभी ठेवून छापली की ती मगाला जोडते तिथंच काडीसारखी मोडते. आडवी छापायची, आणि जोडावर ५-६ मिमीची गोलाई द्यायची. ०.४ मिमी नोझल, ०.२ मिमी थर, चार भिंती (म्हणजे बाहेरच्या कडेचे चार पदर), आतला जाळीदार भराव १५ ते २० टक्के, एवढ्यात बहुतेक नमुने भागतात. ताकद हवी असेल तर भराव वाढवण्यापेक्षा भिंती वाढव. पाणी भिंतीतून पाझरतं ते थरांच्या फटींमधून, आणि भराव वाढवल्याने ते थांबत नाही. छिद्र काढलेल्या मापापेक्षा ०.२ ते ०.४ मिमी लहान येतं. एकात एक सरकणाऱ्या भागांना प्रत्येक बाजूला ०.३ मिमी मोकळीक ठेवून सुरुवात कर. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला नमुना वाकडा झालेला मिळेल. बागेत वापरायची वस्तू पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छाप: नोझल २३० ते २५०, बेड ७० ते ८० अंश. पीईटीजी हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात रीळ उघडं राहिलं की नोझलमधून तडतड आवाज येतो आणि भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. ६५ अंशांवर चार ते सहा तास वाळवलं की ठीक होतं.

लेझर कटरबद्दल एकच गोष्ट पक्की कर, बाकीचं तिथं कळेल. लेझरची किरणरेषा कापताना स्वतःच्या रुंदीएवढा भाग खाते, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आणि ॲक्रिलिकमध्ये साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. दुकानदार ज्याला ३ मिमी म्हणतो ते एमडीएफ खरं २.७ ते ३.२ असं काहीही असतं. म्हणून आधी व्हर्नियरने चार कोपऱ्यांत जाडी मोजायची. समजा २.९ भरली आणि किरण ०.२ खाते, तर दुसरी शीट जिच्यात बसते ती खाच ड्रॉइंगमध्ये २.७ काढायची. पण अंदाजावर पूर्ण फाइल कापायला द्यायची नाही. त्याच शीटच्या कोपऱ्यात २.५ पासून ३.० पर्यंत ०.१ च्या अंतराने सहा खाचांची फणी कापून घे, कोणती घट्ट बसते बघ, आणि तेच माप सगळीकडे वापर. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ज्युरीच्या आदल्या रात्री खिळखिळ्या झालेल्या पेट्यांवर टेप लावत बसणाऱ्यांनी नेमकं हेच टाळलेलं असतं. एमडीएफ थोडं दबतं म्हणून घट्ट खाच चालते, ॲक्रिलिक तडकतं, त्याला ०.०५ ते ०.१ मिमी सैल लागते. पीव्हीसी किंवा रेक्झिन लेझरमध्ये कधीही घालायचं नाही. त्यातून क्लोरिनयुक्त आम्लाची वाफ निघते, ती फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनही गंजवते. शीट कशाची आहे हे माहीत नसेल तर ती कापायची नाही.

पत्र्याचं काम मात्र सांगलीतच शिकून जा. कुपवाडला, मिरजेच्या एमआयडीसीत, माधवनगर रस्त्याला फॅब्रिकेशनची शेडं आहेत. ओळखीने गेलीस तर कोपऱ्यात उभं राहून बघू देतात. जाताना हातात ए-४ वर स्वच्छ ड्रॉइंग, मापं मिलिमीटरमध्ये, पत्र्याची जाडी, किती नग, आणि पुठ्ठ्याचा नमुना असं सगळं ने. नमुना हातात दिला की निम्मं बोलणं वाचतं. मिस्त्री गेज आणि सुतात बोलतील: १८ गेज म्हणजे १.२ मिमी, १६ गेज १.६, २० गेज ०.९. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.२ मिमीच्या आसपास.

पत्रा वाकवताना मुलं हटकून चुकतात ती जागा ही. बाहेरून ४० आणि ३० मिमीचा काटकोनी कंस हवा म्हणून ७० मिमी पट्टी कापतात. वाकताना पत्रा बाहेरच्या अंगाला ताणला जातो, त्यामुळे १८ गेजला, आतली गोलाई १.२ मिमी धरली, तर पट्टी ६७.९ मिमीच्या आसपास लागते. ७० कापलीस तर दोन मिमी जास्त, आणि भोकं जुळत नाहीत. सूत्र पाठ करण्यापेक्षा त्याच मशीनवर त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी वाकवून घे आणि दोन्ही बाजू बाहेरून मोज. बेरीज १०२ च्या आसपास येईल. जेवढं जास्त आलं तेवढं प्रत्येक वाकामागे वजा करायचं. वाकाच्या रेषेजवळ भोक घेऊ नकोस, आतल्या गोलाईच्या पुढे जाडीच्या दुप्पट-अडीचपट अंतर सोड, नाहीतर गोल भोक लांबट होतं. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्यावर वेल्डिंग चालू असेल तर धुरापासून लांब उभी राहा, जस्ताच्या धुराने ताप भरतो.

आणखी एक सापळा ड्रॉइंगचा आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंग ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये शिकवतात, म्हणजे डाव्या बाजूचं दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडे काढतात. काही सॉफ्टवेअर आपोआप थर्ड अँगलमध्ये, म्हणजे डावं दृश्य डावीकडेच ठेवून, शीट काढून देतात. चिन्ह न बघता प्रिंट दिली की डावा भाग उजवा होऊन येतो, आणि दोष मिस्त्रीचा नसतो.

हाताची हत्यारं: कानस, हॅकसॉ, पंच, ड्रिल आणि टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), एवढी ओळख पुरे. हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या दिशेला असायला हवेत, आणि पत्र्याच्या जाडीवर एका वेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत. पातळ पत्र्याला जाड दातांचं पातं लावलं की दात तुटतात. ड्रिलआधी पंच मारायचा, नाहीतर बिट सरकतो. माइल्ड स्टीलला कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर ६ मिमीच्या बिटाला सुमारे १३०० फेरे, १० मिमीला ८००. मुलं उलटं करतात, मोठ्या बिटाला जास्त वेग देतात, आणि बिट निळा पडून बोथट होतो. टॅपिंगसाठी एम ४ ला (४ मिमीच्या स्क्रूला) ३.३, एम ५ ला ४.२, एम ६ ला ५.०, एम ८ ला ६.८ मिमीचं भोक. टॅप अर्धा-पाऊण फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल. मागे न घेता रेटला की आत तुटतो, आणि तुटलेला टॅप काढण्यापेक्षा नवा तुकडा करणं सोपं.

ड्रिल मशीनवर कापडी हातमोजे घालायचे नाहीत, कारण बिट हातमोजा पकडतो आणि बोट ओढून नेतो. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस, गळ्यातली चेन मशीनजवळ चालत नाही. पातळ पत्रा हाताने धरून ड्रिल करायचा नाही, भोक आरपार होण्याच्या क्षणी तो बिटासोबत गरगर फिरतो. क्लँप लाव. झोप झालेली नसेल तर त्या दिवशी मशीनला हात लावू नकोस, मग सबमिशन का असेना. हे मी सर्वांत जास्त जोर देऊन सांगतो.

मिरजेला एखादा दिवस काढ. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकरांच्या दुकानात जवारी लावताना बघायला मिळाली तर जरूर बघ: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानसेने अगदी किंचित घासायचा, तारा चढवायच्या, ऐकायचं, पुन्हा घासायचा. किती घासलं ते मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही इतकं कमी असतं, कान सांगतो तेव्हा थांबायचं. करून बघणे, तपासणे, पुन्हा करणे हा क्रम स्टुडिओत कागदावर शिकवतात, इथं तो पिढ्यानपिढ्या हातात आहे. विचारून, परवानगी घेऊन बस, आणि काम चालू असताना प्रश्नांचा भडिमार करू नकोस.

इलेक्ट्रॉनिक्सची भीती बाळगू नकोस, पण दोन-तीन गोष्टी पहिल्याच महिन्यात बोर्ड जाळतात. आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या लहान बोर्डाच्या पिनेतून २० मिलीअँपियरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, मोटर थेट पिनेला जोडायची नाही. लहान सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) अडकला की अर्ध्या अँपियरहून जास्त खेचतो आणि यूएसबीवर चालणारा बोर्ड रिसेट होतो. मुलं मग दिवसभर कोडमध्ये चूक शोधतात. सर्वोला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यायचा आणि दोन्हींचे ग्राउंड जोडायचे. ईएसपी-३२ हा दुसरा बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्टचा सिग्नल थेट द्यायचा नाही, १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून खाली आणायचा. रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला उलटा डायोड लावायचा. आणि लांब ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करायच्या बोर्डाच्या) कडेच्या पट्ट्या बऱ्याचदा मध्यावर तुटलेल्या असतात, मल्टिमीटरने तपासून घे.

विकत काय घ्यायचं? १५० मिमीचा व्हर्नियर, १५० आणि ३०० मिमीच्या स्टीलच्या पट्ट्या, लहान गुण्या, ए-३ कटिंग मॅट, १८ मिमी पात्याचा कटर, साधा मल्टिमीटर, डोळ्यांचा गॉगल, एन-९५ मास्क, बंद चामडी बूट. कटरने पुठ्ठा एका दमात कापायचा नाही, तीन हलक्या फेऱ्यांत कापायचा, आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवायचा. एमडीएफ घासताना मास्क लागतोच, त्याची धूळ बारीक असते आणि त्यात रेझिन असतं. महागडे मार्कर, ड्रॉइंग टॅब्लेट आत्ता नको. लॅपटॉपची घाई करू नकोस, संस्थेची यादी येऊ दे. साधारण १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप बहुतेक ठिकाणी चालतो, आणि सॉलिडवर्क्स हे थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही हे ध्यानात ठेव.

चित्रासाठी रोज अर्धा तास पुरे, पेनने, खोडरबर न वापरता. घरातली बिघडलेली वस्तू उघड, मिक्सर, टॉर्च, सायकलचा ब्रेक, आणि सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने हवेत मांडल्यासारखे काढ. मिक्सर उघडण्याआधी प्लग काढलेला आहे ना ते बघ. प्रत्येक भागाशेजारी मोजलेलं माप आणि तो कशाचा आहे ते लिही. अशी वीस पानं झाली की तुझी नजर बदललेली असेल.

आता गटाचं. कामं वाटून घेताना मुलींकडे सादरीकरण आणि रिपोर्ट, मुलांकडे मशीन, असं न बोलता होऊन जातं. हे पहिल्याच बैठकीत मोडून काढ. प्रत्येक प्रकल्पात मशीनवरचा एक तरी भाग स्वतः कर, मग तो थोडा वाकडा आला तरी चालेल. चार वर्षांनी रिपोर्ट लिहिता येणारी म्हणून बाहेर पडायचं नाही. फाइलची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असू दे आणि नावात तारीख असू दे. "फायनल", "फायनल नवी", "फायनल खरी" अशा तीन फाइलींमधली चुकीची कापली गेली की शीटही जाते आणि रांगेतला नंबरही. प्रकल्पाचे सहा आठवडे असतील तर पहिल्या आठवड्याअखेर पुठ्ठ्याचे तीन नमुने, तिसऱ्याअखेर चालणारा ओबडधोबड नमुना आणि त्याची चाचणी, पाचव्याच्या सुरुवातीला कापायची फाइल बंद. शेवटच्या तीन दिवसांत मशीनवर सगळं बॅच तुटून पडतं, तेव्हा तुझं काम फक्त जुळवणी आणि फोटो एवढंच उरलेलं असावं. हॉस्टेलच्या खोलीत स्प्रे पेंट मारू नकोस, उघड्यावर मार, आणि पावसाळ्यात रंग सुकायला दुप्पट वेळ धर. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो.

ज्युरीला जाताना सुंदर रेंडर (संगणकावर काढलेलं वस्तूचं चित्र) एक पुरे. टेबलावर चारही मग मांड, पुठ्ठ्याचा आणि मोडलेलाही. प्रत्येकासमोर एक चिठ्ठी: काय अंदाज होता, काय मोजलं, पुढच्यात काय बदललं. टॉवेलच्या वजनांचा तक्ता शेजारी. टीका होत असताना लगेच उत्तर देऊ नकोस, गटातल्या एकाने फक्त लिहून घ्यायचं. त्याच संध्याकाळी त्या टिप्पण्या दोन ढिगांत वेगळ्या करा: मोजून तपासता येतील अशा, आणि कोणाची आवड म्हणून सांगितलेल्या. पहिल्या ढिगातली जी सर्वांत स्वस्तात तपासता येईल, ती दुसऱ्या दिवशी सकाळी करायला घ्या.